कळ केव्हा सुरू झाली? : हृदयतपासणीच्या शास्त्राची प्रस्तावना

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना माणसे दोन रांगांत उभी राहतात. समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याची दोन टोके त्यांच्या हाती असतात आणि अंग मागे झुकवून, टाच वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरत ती दोरी ओढत राहतात. पन्नाशीतला एक रापणकर एकदा सांगत होता, "दोरयेक हात घातलंय की छातयेर दगड ठेवल्यासारख्यां वाटता, सोडलंय की धा मिनटात बरां." त्याला वाटत होते पित्त. त्याच्या घरच्यांना वाटत होते वय. ऐकणाऱ्याने मात्र त्या वाक्यापाशी थांबायला हवे होते, कारण निदानाला लागणारे जवळजवळ सगळे त्या एका वाक्यात आहे: दुखणे कुठे आहे, कसे आहे, कशाने येते, कशाने जाते आणि जायला किती वेळ लागतो. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली आपल्या व्यवसायबंधूंसमोर ज्या दुखण्याचे वर्णन केले, चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर छातीत येणारे आणि थांबले की निघून जाणारे, ते हेच. हेबर्डनजवळ यंत्र नव्हते. रापणकराजवळही नव्हते.

हे पुस्तक यंत्रांविषयी आहे. ईसीजी, इको, ट्रेडमिल, होल्टर, सीटी, आणि शेवटी कॅथलॅबच्या टेबलावर मनगटातून थेट हृदयापर्यंत जाणारी ती बारीक नळी, या सगळ्यांची ओळख पुढच्या प्रकरणांतून होईल. तरीही सुरुवात त्या दोरीपासून केली, याला कारण आहे. हृदयाची प्रत्येक तपासणी म्हणजे हृदयाला विचारलेला एक नेमका प्रश्न असतो. एका तपासणीने दुसरीच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि प्रश्न न ठरवता केलेल्या तपासणीने कसलेच उत्तर मिळत नाही. फक्त फाईल जाड होते. या शास्त्रात नव्याने येणाऱ्याने, मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो, कणकवलीच्या एखाद्या दवाखान्यातली परिचारिका असो, ईसीजी काढणारा तंत्रज्ञ असो की वडिलांचे रिपोर्ट हातात धरून बसलेली मुलगी असो, एवढे एक सूत्र उचलले तरी पुढचे सगळे सोपे जाते.

आपल्या भाषेपासूनच पाहू. मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. पण काळजात कळ उठली म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो. भाषेतला हा गोंधळ निरुपद्रवी आहे, शरीरातला नाही. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले की कळ बऱ्याचदा पोटाच्या वरच्या भागात येते, सोबत मळमळ असते, आणि घरात "वायगोळो" म्हणून ओवा चावायला दिला जातो. बायकांमध्ये तर छातीतल्या दुखण्याऐवजी नुसता थकवा, धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणे एवढ्यावरच कधीकधी निभावते. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, आणि शेत, गुरे, विहिरीचे पाणी, म्हाताऱ्यांची उस्तवार बाईच्या अंगावर. तिच्या थकव्याला कारणे इतकी हाताशी असतात की हृदयाची पाळी शेवटी येते. म्हणून पहिली तपासणी कानांची. लेनेकने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला; पण त्या सुरळीच्या आधी त्यानेही रोग्याचे म्हणणे ऐकून घेतलेले होते.

मग ईसीजी. हातात घ्या ती पट्टी. गुलाबी चौकटीचा कागद, मशीनमधून सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने बाहेर येणारा. आडवा एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच चौकोनांचा एक मोठा चौकोन ०.२ सेकंद. उभे दहा बारीक चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. हातापायांवर चार आणि छातीवर सहा, असे दहा इलेक्ट्रोड बसवून बारा बाजूंनी त्याच एका हृदयाकडे पाहिलेले असते. छातीवरचे सहा इलेक्ट्रोड एक बरगडी वरखाली बसले तर निरोगी माणसाच्या पट्टीवरही आजार उमटतो. म्हणून तंत्रज्ञाची बोटे आधी बरगड्या मोजतात. ईसीजीचा प्रश्न असा: या क्षणी हृदयातली विजेची वाट कशी चालली आहे? विसावलेल्या माणसाच्या हृदयाला त्या क्षणी रक्त पुरत असेल, तर उत्तर "सारे ठीक" येते आणि ते खरेही असते. रापणकराचा ईसीजी खुर्चीत बसून काढला तर तो निर्दोष येण्याचा संभव मोठा. "ईसीजी नॉर्मल होता, तरी अटॅक आला" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यात ईसीजी खोटे बोललेला नसतो. त्याला विचारलेला प्रश्न निराळा होता.

या पट्टीच्या जन्मकथेत आपल्या किनाऱ्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आयन्थोव्हन यांनी तारेचा गॅल्व्हनोमीटर बनवला. यंत्र अवाढव्य, रोग्याच्या खाटेपाशी नेणे अशक्य. रुग्णालय तिथून सुमारे दीड किलोमीटरवर. तेव्हा रोगी रुग्णालयातच ठेवून, टेलिफोनच्या तारेवरून त्याच्या हृदयाचे स्पंदन प्रयोगशाळेत आणायचा उद्योग त्यांनी केला आणि १९०६ साली त्याविषयी लिहिलेही. १९२४ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे रोगी एकीकडे आणि पट्टी वाचणारा दुसरीकडे, ही रीत ईसीजीच्या पाळण्यातलीच आहे. आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर पट्टीचा फोटो शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो तेव्हा तो आयन्थोव्हनचीच तार वापरत असतो, फक्त लांब केलेली.

इकोचा प्रश्न वेगळा: हृदय हलते कसे? झडपा उघडतात का, मिटतात का? मच्छीमारांना फिश फाइंडर ठाऊक आहे. ध्वनी खाली सोडायचा, परतून आलेल्या प्रतिध्वनीवरून थव्याची जागा ओळखायची. स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली जहाजांचे धातू तपासण्याचे असेच यंत्र छातीवर लावले आणि हलणाऱ्या हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. डावी जवनिका एका ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकते, हा आकडा इकोच्या कागदावर 'ईएफ' म्हणून येतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. रिपोर्टवर ६० दिसले की घरचे हादरतात, शंभरात साठच गुण म्हणून. शंभर कोणालाच मिळत नाहीत आणि मिळायला नकोत. लहानपणी सांधे सुजून आलेला ताप आणि त्याने आखडलेली झडप, हा गरिबीचा हृदयरोगही इकोतच नीट दिसतो.

ट्रेडमिल म्हणजे दवाखान्यात आणलेली रापण. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेला क्रम आजही सर्रास वापरतात. पट्टा सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर चालतो आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. प्रश्न असा: काम वाढवले की हृदयाला रक्त कमी पडते का? इथे एक हिशेब समजून घेणे जरुरीचे आहे. या तपासणीला आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६८ सापडतात आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७७ निर्दोष ठरतात, असे धरू. आता हजार तरुण, धडधाकट माणसे घ्या, ज्यांच्यात आजाराची शक्यता ५ टक्के. पन्नास आजारी, त्यातले ३४ पकडले जातील. पण साडेनऊशे निरोगी माणसांतले सुमारे २१८ उगाचच 'पॉझिटिव्ह' ठरतील. म्हणजे घाबरून बाहेर येणाऱ्या सातांतला जेमतेम एक खरा आजारी. उलट चढावर छाती दाबून थांबणारी, तंबाखूवाली, साठीतली हजार माणसे घ्या, शक्यता ६० टक्के धरा. तिथे पॉझिटिव्ह आलेल्या पाचांतले चार खरे. यंत्र तेच, कागद तोच. उत्तराचा अर्थ मात्र पट्ट्यावर चढण्याआधी माणसाने काय सांगितले यावर ठरला. वाढदिवसाची भेट म्हणून 'फुल बॉडी चेकअप' करून घेणाऱ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत.

बाकीच्या तपासण्यांचा परामर्श त्या त्या प्रकरणात येईलच. रक्तातले ट्रोपोनिन विचारते, हृदयाच्या पेशी मेल्या का? ते वाढायला काही तास लागतात, म्हणून एकदा निर्दोष आले तरी पुन्हा बघावे लागते. होल्टर दिवसभराची लय टिपते. मोंटाना प्रांतातल्या नॉर्मन होल्टर यांचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर घ्यायचे आणि जवळजवळ ३८ किलोंचे होते. आज ते खिशात मावते. सीटी अँजिओग्राफीत धमन्यांच्या भिंतीतला चुना आणि गाठी हृदयाला हात न लावता दिसतात.

आता कॅथेटर, म्हणजे या पुस्तकाचा गाभा. १९२९च्या उन्हाळ्यात बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावातल्या छोट्या रुग्णालयात वर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला वाटले की कोपराच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत जाऊ शकेल. वरिष्ठांनी साफ मनाई केली. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या किल्ल्या गेर्डा डिटझेन या परिचारिकेकडे. तिने प्रयोग स्वतःवर करून घ्यायची तयारी दाखवली. फोर्समानने तिला टेबलावर बांधले, आणि तिची नजर चुकवून स्वतःच्या डाव्या कोपराची शीर उघडून मूत्रमार्गाची नळी आत सरकवली. मग तिला सोडले आणि दोघे जिन्याने खाली क्ष-किरणांच्या खोलीत गेले. तिथे आरशात बघत त्याने नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत ढकलली आणि फोटो काढला. टोक उजव्या कर्णिकेत होते. कौतुकाऐवजी हेटाळणीच वाट्याला आली. पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. न्यूयॉर्कच्या आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ती वाट पुढे नेली आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळाले. गोष्ट थरारक आहे, पण ती सांगताना डिटझेनला विसरू नये. तिला फसवून जे झाले ते आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. संमतिपत्रावरचे प्रकरण या पुस्तकात कॅथलॅबच्या आधी का ठेवले आहे, हे त्यावरून कळेल.

हृदयात शिरायच्या वाटा दोन. शिरेतून उजव्या बाजूला, धमनीतून डाव्या बाजूला. पहिली वाट प्रवाहाबरोबरची आहे: रक्त ज्या दिशेने चालले त्याच दिशेने नळी. जेरेमी स्वान हे कॅलिफोर्नियातले हृदयरोगतज्ज्ञ एकदा मुलांना घेऊन सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर बसले होते. वारा पडलेला, होड्या जागच्या जागी. फक्त फुगलेले मोठे शीड लावलेली एक होडी मजेत पुढे चाललेली. नळीच्या टोकाला असे शीड लावले तर? त्यातून टोकाशी इवलासा फुगा असलेली नळी आली. विल्यम गान्झ यांच्यासह त्यांनी ती १९७० साली जगापुढे मांडली. फुगा रक्ताच्या प्रवाहात शिडासारखा ओढला जातो आणि नळी फुप्फुसाच्या धमनीत आपसूक पोचते. मालवणात वाढलेल्या विद्यार्थ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी वाट उलट्या प्रवाहाची. देवबागच्या मुखातून कर्लीच्या पात्रात ओहोटीला होडी घालायची म्हणजे पाणी समोरून येते आणि वाळूची दांडी कुठे सरकली ते ठाऊक असलेला तांडेल लागतो. मनगटातून हृदयाकडे निघालेली नळी अशीच रक्ताच्या लोटाविरुद्ध जाते. आधी कातडी बधिर करतात. बारीक सुईने मनगटाची धमनी टोचून तीतून तार, तारेवरून साधारण दोन मिलिमीटर जाडीचे आवरण. सुई, तार, नळी हा क्रम स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली बसवून दिला. तारेचे टोक गळासारखे वाकवलेले असते, धमनीच्या भिंतीत रुतू नये म्हणून. मनगट, कोपर, काख, गळ्याच्या हाडाखालचे वळण, मग महाधमनी. रोगी जागा असतो, बोलत असतो. नळी आत फिरताना त्याला जवळजवळ काही जाणवत नाही, कारण धमनीच्या आतल्या अस्तराला स्पर्श कळत नाही. महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या लगेच वर, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची दोन मुखे असतात, तीन-चार मिलिमीटरची. सिंधुदुर्ग किल्ल्याचे महाद्वार होडीतून समोर दिसत नाही, बुरुजांच्या वळणात शिरले की एकदम पुढ्यात येते. ही मुखे शोधतानाही तसेच होते. मेल्विन जडकिन्स यांनी १९६७ साली डाव्या आणि उजव्या मुखासाठी आधीच बाक दिलेल्या नळ्या केल्या आणि हे काम पुष्कळ सोपे झाले.

मुळात या मुखांत नळी घालायचे धाडस कोणी केलेच नव्हते. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स एका तरुणाच्या महाधमनीचे चित्र घेत होते. नळीचे टोक घसरून उजव्या हृदयधमनीत गेले आणि क्ष-किरणांत दिसणारा सगळा रंग तिच्यातच ओतला गेला. हृदय थांबले. सोन्सनी रोग्याला खोकायला सांगितले, तो खोकला, आणि ठोके परत सुरू झाले. जे होऊ नये म्हणून सगळे जपत होते ते चुकून झाले आणि माणूस जगला. थोडा रंग सावकाश घातला तर धमन्या पाहता येतील, हे त्या दिवशी कळले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी, सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवलेल्या फुग्याने, पहिल्यांदा एक आकसलेली हृदयधमनी आतून उघडली. १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट, म्हणजे उघडलेली धमनी पुन्हा आकसू न देणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसले. मांडीऐवजी मनगटातून जायची रीत कॅनडाच्या ल्यूसियन कांपो यांनी १९८९ साली दाखवली. तिच्यामुळे रोग्याला तासन्तास पाय न हलवता पडून राहावे लागत नाही.

रंगाविषयी आपल्या भागात एक गैरसमज घट्ट आहे. "माका कोळंबीची अ‍ॅलर्जी, माका तो डाय चलाचो नाय." समजूत अशी की मासळीत आयोडीन, रंगात आयोडीन, म्हणजे दोन्ही एकच. कोळंबी-कुर्ल्यांची अ‍ॅलर्जी होते ती ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे; आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही. पूर्वी याच रंगाने अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते मात्र आवर्जून सांगावे. रंगाचा मोठा धोका मूत्रपिंडाला असतो, म्हणून आधी क्रिअ‍ॅटिनिन बघतात. सगळ्या गंभीर गुंतागुंती मिळून शंभरात एकाहून कमी. पण शून्य नव्हेत, हे संमतिपत्रावर सही करणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे.

आणि एवढ्या खटाटोपानंतर पडद्यावर दिसते ती एक सावली. अँजिओग्राफीचा प्रश्न आहे: धमनीची पोकळी कुठे अरुंद झाली? 'सत्तर टक्के ब्लॉकेज' हा शब्द आता गावातल्या पारावरही ऐकू येतो. पण त्या अरुंद जागेपलीकडे रक्त पुरेसे जाते की नाही, हे सावली सांगत नाही. त्यासाठी धमनीत दाब मोजणारी तार घालतात. अडथळ्यापलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पटीहून जास्त असेल तर दिसायला वाईट असलेला अडथळाही बऱ्याचदा औषधांवर सोडता येतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५१७९ रोगी होते. ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांच्यात आधी औषधे देऊन पाहणे आणि लगेच अँजिओग्राफी करून धमनी उघडणे, या दोन वाटांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीत दुखणाऱ्यांचे दुखणे मात्र दुसऱ्या वाटेने अधिक कमी झाले. म्हणून "स्टेंट घालू की नको" याआधीचा प्रश्न असा की आजार स्थिर आहे की आता पेटला आहे? पेटलेला असेल, म्हणजे धमनी पुरती बुजून स्नायू मरायला लागला असेल, तर सगळा हिशेबच बदलतो. तिथे मिनिटे मोजायची.

भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत दिल्लीच्या डॉ. शि. पद्मावती अग्रणी; लेडी हार्डिंग महाविद्यालयात १९५४ साली त्यांनी कॅथेटरची प्रयोगशाळा उभी केली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि वैद्याच्या पिशवीतली मुळी जगाच्या औषधकोशात गेली. परळच्या केईएममध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये देशातले पहिले हृदयरोपण केले. रोगी फार जगला नाही, पण ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी १९८६ साली भारतात अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडणे, सुरू केली.

केईएमचे नाव घेतले की सिंधुदुर्गाची आठवण निघणारच. परळ, लालबाग ही चाकरमान्यांची वस्ती. गावात कोणाला धाप लागली की मुंबईच्या खोलीत आणायचे, दहा बाय दहात बाराव्या माणसाची सोय करायची आणि पहाटे केईएमच्या रांगेत उभे राहायचे, ही कित्येक घरांची आठवण आहे. जिल्हा १ मे १९८१ला झाला, कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर १९९८ला धावली, ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तरी कॅथलॅबची वाट आजवर बहुतेकांना जिल्ह्याबाहेरच घेऊन गेली. घाट चढून कोल्हापूर, किंवा कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत बांबोळी. तिथले गोवा मेडिकल कॉलेज १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत काढलेल्या वैद्यकशाळेचे वारस.

हा रस्ता शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि शास्त्रातला एक आकडा नेमका त्याच्या आड येतो. धमनी पुरती बुजल्याचे ईसीजीत दिसल्यापासून दोन तासांत फुगा घालणे जमणार असेल तर रोग्याला थेट कॅथलॅबला न्यावे. जमणार नसेल तर आहे तिथेच रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग पाठवावे, अँजिओग्राफी पुढच्या २ ते २४ तासांत करावी. मालवणहून बांबोळीला दोन तासांत पोचून टेबलावर चढणे कठीणच. म्हणजे या किनाऱ्यावर उपचाराची सुरुवात कॅथलॅबमध्ये होत नाही; ती पट्टी काढणाऱ्या हातात आणि जवळच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुपीत होते. गोव्याने २०१८ साली छोट्या केंद्रांना बांबोळीशी जोडणारी 'स्टेमी' (धमनी पुरती बुजून आलेला झटका) व्यवस्था याच विचाराने उभी केली, महाराष्ट्रानेही तशीच योजना हाती घेतली. पैशाची अडचण काही अंशी हटली आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. अंतर मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. ते वेळ ओळखूनच कापावे लागते.

म्हणून या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चिठ्ठीचा एक नमुना दिला आहे, रोगी पुढे पाठवताना लिहायची तीच चिठ्ठी. तिच्यावर औषधे, साखर, क्रिअ‍ॅटिनिन, ईसीजी कितीला काढला, हे सगळे आहे. पहिली ओळ मात्र रिकामी ठेवली आहे: कळ केव्हा सुरू झाली. इंजेक्शन द्यायचे की नाही, धमनी उघडायची की नाही, ट्रोपोनिनचा आकडा खरा मानायचा की पुन्हा बघायचा, हे सगळे या ओळीवर ठरते, आणि नेमकी हीच ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर कोरी असते. विचारले तर आपली माणसे घड्याळ सांगत नाहीत. "पयली एस्टी गेली तेवा." "भरती लागली तेवा." त्यावर वैतागू नका. पहिली एसटी किती वाजता सुटते ते स्टँडवरच्या फलकावर लिहिलेले असते आणि भरतीची वेळ कॅलेंडरच्या पानावर. तो आकडा काढा, पट्टीच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहा, आणि मग पुढचे पान उलटा.